नोना गाप्रिंदाश्विली यांची कारकीर्द कशी अभ्यासावी : बडोद्याच्या रविवारच्या वर्गातील एक वही

२८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बाटुमी येथे नागपूरच्या दिव्या देशमुख हिने कोनेरू हम्पीला जलद डावांत हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने तिला ग्रँडमास्टर हा किताबही मिळाला. त्यानंतरच्या रविवारी बडोद्याच्या दांडिया बाजारातील आमच्या छोट्या बुद्धिबळवर्गात खेळाऐवजी प्रश्नच जास्त झाले. बाटुमी कोठे आहे, जॉर्जिया म्हणजे अमेरिकेतले का, आणि बायकांची एवढी मोठी स्पर्धा तिकडे का भरवतात? पहिल्या दोन प्रश्नांना नकाशा पुरला. तिसऱ्याचे उत्तर शोधताना एक आख्खी वही भरली. ती वही कशी करावी, कोठे चुकते आणि काय केले म्हणजे ती नुसती सनावळी राहत नाही, हे आपल्या वर्गात असा उपक्रम करू पाहणाऱ्या शिक्षक-पालकांसाठी येथे सांगतो.

वहीचा विषय आम्ही ठरवला तो नोना गाप्रिंदाश्विली. जन्म ३ मे १९४१, पश्चिम जॉर्जियातील झुग्दिदी या गावी; १९६२ ते १९७८ अशी सोळा वर्षे महिलांची विश्वविजेती; आणि स्त्री-पुरुष असा भेद नसलेला ग्रँडमास्टर किताब मिळवणारी जगातील पहिली महिला. पद्धत कोणत्याही खेळाडूला लागू पडेल. परंतु पहिली वही करणाऱ्याने खेळाडू निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात असे माझे मत आहे. कारकीर्द लांब असावी, तीत एक तरी मोठा पराभव असावा, आणि ती बऱ्याच अंशी संपलेली असावी. सध्या गाजत असलेल्या खेळाडूची वही करू नये. दर महिन्याला नवी स्पर्धा येते, मुलांचे लक्ष निकालांकडे जाते आणि अभ्यास मागे पडतो.

वहीसाठी आम्ही हिशेबाचा लाल कापडी बांधणीचा चोपडा घेतला, कारण त्याची पाने आडवी रुंद असतात आणि रकाने मोकळे आखता येतात. संगणकावर तक्ता करणे सोपे आहे हे मान्य; पण दहा-बारा वर्षांच्या मुलाला आपल्या हाताने १९६५, १९६९, १९७२ असे एकाखाली एक लिहिताना मधली वर्षे गेली कोठे हा प्रश्न पडतो, तो तक्त्यात चिकटवलेल्या ओळींवरून पडत नाही.

नाव, झेंडा आणि नकाशा

कामाची सुरुवात नावापासून करावी, कारण बहुतेक चुका तेथेच होतात. जॉर्जियन आडनावे रशियन मार्गाने युरोपीय लिपीत गेली आणि तेथून आपल्याकडे आली, त्यामुळे एकाच नावाची तीन-चार लेखने आढळतात. ‘श्विली’ म्हणजे अपत्य आणि ‘द्झे’ म्हणजे मुलगा, एवढे ठाऊक असले तरी गाप्रिंदाश्विली आणि चिबुर्दानिद्झे ही आडनावे मुलांच्या जिभेवर बसतात. आपल्याकडच्या ‘कर’ने गाव सांगावे तसे तिकडचे हे प्रत्यय वंश सांगतात. आमच्या वर्गात खरी गंमत झाली ती नाना अलेक्झांड्रिया आणि नाना इओसेलियानी या दोन नावांवर. दोघीही जॉर्जियाच्या अव्वल महिला खेळाडू. पण दोन मुलांनी वहीत त्यांच्यापुढे सरळ ‘श्री.’ लिहिले होते. नाना म्हटले की मराठी घरात धोतर नेसलेले आजोबाच डोळ्यांसमोर येतात, त्याला मुले तरी काय करणार?

नावाचा दुसरा सापळा डावांच्या संग्रहात असतो. महाजालावर विनामूल्य मिळणाऱ्या संग्रहांत केवळ आडनावाने शोध घेतला तर वालेरियाने गाप्रिंदाश्विली या १९८२ मध्ये जन्मलेल्या पुरुष ग्रँडमास्टरचे डावही त्याच यादीत येतात. म्हणून डाव उतरवून घेण्यापूर्वी आद्याक्षर आणि वर्ष दोन्ही पाहावे, आणि २००० नंतरचा प्रत्येक डाव संशयाने तपासावा.

नकाशासाठी दोन अ‍ॅटलास घ्यावेत, एक जुना आणि एक नवा. माझ्याकडे माळ्यावर शाळेतला जुना अ‍ॅटलास होता, त्यात काळ्या समुद्राच्या पूर्वेला सगळा सोव्हिएत संघाचा एकच रंग आहे. नवा पाहायला मुलांना सेंट्रल लायब्ररीत नेले. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्याच्या ग्रंथालयांची घडी बसवली, ही आठवण मुलांना सांगण्याचा मोह त्या वेळी मला आवरला नाही. दोन्ही नकाशांत झुग्दिदी, कुताइसी, बाटुमी, तिबिलिसी आणि पित्सुंदा ही पाच ठिकाणे शोधून त्यांवर टिंब काढावे. वहीतील निम्म्या नोंदी या पाच टिंबांभोवती फिरतात. १९९१ पर्यंत खेळाडूच्या नावापुढे सोव्हिएत संघाचा झेंडा दिसेल आणि १९९२ पासून जॉर्जियाचा. खेळाडू तीच, घर तेच. हे आधी समजावले नाही तर मुले तिने देश बदलला असे लिहून मोकळी होतात.

रकाने

रकाने सात आखावेत : वर्ष, ठिकाण, स्पर्धा किंवा सामना, समोर कोण, समोरच्याचे जन्मवर्ष, निकाल आणि शेरा. यांतला चौथा आणि पाचवा रकाना हा या वहीचा जीव आहे, आणि इतर सगळे रकाने वगळले तरी हे दोन वगळू नयेत असे मी आग्रहाने सांगतो. किताब, पदके आणि विजेतेपदे कोणत्याही चरित्रात मिळतात. खेळाडू किती मोठा होता हे मात्र त्याच्या समोरच्या खुर्चीत कोण बसले होते यावरून कळते.

हे कसे घडते ते विश्वविजेतेपदाच्या सामन्यांवरून पाहता येईल. १९६१ मध्ये युगोस्लाव्हियातील व्हर्न्याच्का बान्या येथे झालेली आव्हानवीरांची स्पर्धा गाप्रिंदाश्विलीने एकही डाव न गमावता जिंकली आणि १९६२ मध्ये मॉस्कोत तेव्हाची विश्वविजेती एलिझावेता बिकोवा हिच्याशी तिचा सामना झाला. निकाल ९-२. मुलांना प्रथम हा आकडा फोडायला सांगावा : विजयाला १ गुण, बरोबरीला अर्धा. एकही डाव न हरता ११ डावांत ९ गुण म्हणजे ७ विजय आणि ४ बरोबऱ्या, हे त्यांना स्वतःच काढता आले पाहिजे. आकडा पाहून टाळ्या वाजवून झाल्या की पाचवा रकाना भरायला लावावा. बिकोवाचा जन्म १९१३ चा. दोनदा विश्वविजेती ठरलेली ही खेळाडू त्या वेळी आपल्या आव्हानवीरापेक्षा २७ वर्षांनी मोठी होती. विजय त्यामुळे लहान होत नाही; पण एकवीस वर्षांच्या मुलीने एका पिढीला खाली उतरवले, असा त्याचा अर्थ स्पष्ट होतो.

त्याखालच्या तीन ओळींत एकच नाव येते : आला कुश्नीर, १९६५, १९६९ आणि १९७२. तिचे जन्मवर्ष १९४१, म्हणजे गाप्रिंदाश्विलीचेच. बरोबरीच्या वयाची, बरोबरीच्या ताकदीची आणि हरूनही पुन्हा पुन्हा आव्हानवीरांच्या स्पर्धेतून वर येणारी अशी ही प्रतिस्पर्धी होती. १९७२ च्या रिगा येथील सामन्यात गाप्रिंदाश्विलीने मुकुट राखला तो अवघ्या एका गुणाच्या फरकाने. माझ्या मते तिच्या कारकिर्दीतील सर्वांत कठीण यश हेच, १९६२ चे नव्हे. आणि ‘९-२’ हा आकडा सर्वत्र छापला जातो म्हणून ‘एका गुणाने’ हे शब्द झाकले जाऊ नयेत, यासाठीच हा रकाना आहे. कुश्नीर पुढे इस्रायलला गेली आणि १९७६ च्या हायफा ऑलिंपियाडमध्ये, म्हणजे देशोदेशींच्या संघांच्या बुद्धिबळ स्पर्धेत, इस्रायलच्या महिला संघाने सुवर्णपदक मिळवले तेव्हा त्या संघात होती.

१९७५ मध्ये समोर आली नाना अलेक्झांड्रिया. ती जॉर्जियाचीच, जन्म १९४९. विश्वविजेती आणि आव्हानवीर दोघीही त्याच छोट्या देशातल्या, ही नोंद शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने करावी, कारण मुलांच्या मूळ तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर येथून उलगडू लागते. आणि १९७८ मध्ये पित्सुंदा येथे माया चिबुर्दानिद्झे : कुताइसीची, जन्म १९६१, वय १७. निकाल ६.५-८.५. सोळा वर्षांनी मुकुट गेला, पण जॉर्जियातच राहिला. चिबुर्दानिद्झेने तो १९९१ पर्यंत, म्हणजे मनिला येथे चीनच्या शिए जून हिच्याकडून हरेपर्यंत, सांभाळला. १९६२ ते १९९१ ही एकोणतीस वर्षे एकाच छोट्या देशाकडे हे विजेतेपद होते.

आता पाचवा रकाना वरपासून खालपर्यंत मोठ्याने वाचायला लावावा : १९१३, १९४१, १९४१, १९४१, १९४९, १९६१. आधीची पिढी, आपली पिढी, धाकटी बहीण शोभेल अशी आणि मुलगी शोभेल अशी. आमच्या वर्गात ही सहा वर्षे वाचून झाल्यावर कोणाला काही समजावून सांगावे लागले नाही.

रिकाम्या ओळी

वहीत जेथे काहीच लिहायला मिळत नाही, ती जागा तशीच पुढे ढकलू नये. दरवर्षी एक ओळ आखावी आणि रिकाम्या ओळीपुढे कारण शोधावे. गाप्रिंदाश्विली सोव्हिएत संघाकडून अकरा ऑलिंपियाड खेळली. १९७४ नंतर तिची पुढची नोंद येते ती थेट १९७८ ची. मधल्या १९७६ मध्ये ऑलिंपियाड झाले होते, पण ते इस्रायलमधील हायफाला होते आणि सोव्हिएत संघाने त्यावर बहिष्कार घातला होता. खेळाडू आजारी नव्हती, तिला वगळलेलेही नव्हते. राजकारणाने ती ओळ पुसली. वर सांगितलेले कुश्नीरचे सुवर्णपदक त्याच स्पर्धेतले. रिकामी ओळ आणि भरलेली ओळ अशा एकमेकींना भेटल्या की मुलांना इतिहास हा विषय निराळा वाटेनासा होतो.

वर्ष लिहितानाही एक सावधगिरी बाळगावी. इंग्लंडमधील हेस्टिंग्जची स्पर्धा नाताळात सुरू होऊन नव्या वर्षात संपते, म्हणून ती १९६३-६४ अशीच लिहावी. गाप्रिंदाश्विलीने तेथील चॅलेंजर्स गट जिंकला तो याच वेळी.

१९७७-७८ : येथे घाई करू नये

वहीतील दोन पाने या दोन वर्षांसाठी राखून ठेवावीत. १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातील लोन पाइन या गावी झालेल्या खुल्या स्पर्धेत तिने ९ फेऱ्यांत ६.५ गुण मिळवून युरी बालाशोव्ह, ऑस्कार पान्नो आणि द्रागुतिन शाहोविच यांच्यासह संयुक्त पहिले स्थान पटकावले. येथे ‘समोर कोण’ हा रकाना एका नावाने भरत नाही. नऊ फेऱ्यांच्या नऊ ओळी आखाव्या लागतात, आणि प्रतिस्पर्धी पुरुष होते.

या निकालाचा अर्थ समजण्यासाठी किताबांची उतरंड माहीत असली पाहिजे. फिडे या जागतिक महासंघाचे काही किताब सर्वांसाठी आहेत आणि काही केवळ महिलांसाठी. महिला ग्रँडमास्टर हा किताब १९७६ मध्ये सुरू झाला आणि त्याचे निकष ग्रँडमास्टर किताबापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. वर्तमानपत्री बातम्यांत हे दोन सर्रास एक केले जातात, म्हणून वहीत ‘ग्रँडमास्टर’ हा शब्द एकटा लिहिला असेल तर तो खुला किताब आणि ‘महिला ग्रँडमास्टर’ असे पूर्ण लिहिले असेल तर दुसरा, असा नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवावा. खुल्या किताबासाठी त्या काळी एकापेक्षा अधिक नॉर्म (म्हणजे स्पर्धेतली किताबाच्या दर्जाची ठरावीक कामगिरी) आणि त्यांचे मिळून ठरावीक संख्येचे डाव लागत. गाप्रिंदाश्विलीच्या बाबतीत ती संख्या काटेकोरपणे भरत नव्हती. तरीही लोन पाइनची कामगिरी इतकी वरच्या दर्जाची मानली गेली की फिडेने १९७८ मध्ये तिला ग्रँडमास्टर किताब बहाल केला.

येथे वर्गात वाद होणार हे धरून चालावे, आणि तो होऊ द्यावा. आमच्याकडे एका मुलाने नियम तो नियम असे ठासून सांगितले. दुसरीने विचारले की, नॉर्म मिळतील अशा किती स्पर्धांत तेव्हा बायकांना खेळायला मिळत होते? मला दुसरीचा प्रश्न अधिक वजनदार वाटतो, आणि मी तसे सांगितलेही. परंतु शेऱ्याच्या रकान्यात दोन्ही मते लिहून घेतली. १९७८ या एकाच वर्षाच्या दोन ओळी मात्र शेजारी शेजारी याव्यात अशी पानाची रचना करावी. एका ओळीत विश्वविजेतेपद हातचे जाते आणि दुसऱ्या ओळीत कोणत्याही स्त्रीला त्यापूर्वी न मिळालेला किताब मिळतो.

डाव पटावर कसा मांडावा

सनावळी तयार झाली म्हणजे निम्मे काम झाले असे समजावे. उरलेले निम्मे पटावर होते, आणि ते प्रत्यक्ष सोंगट्या हलवूनच करावे. संपूर्ण कारकिर्दीतले डाव खेळून पाहण्याचा उत्साह धरू नये. बारा डाव पुरेत. निवड करताना चार पराभव घ्यावेत, तीन बरोबऱ्या घ्याव्यात आणि पाच विजय. मुले पाचही विजय आधी मागतात. द्यायचे नाहीत. पहिला डाव पराभवाचा घ्यावा, शक्यतो १९७८ च्या सामन्यातील, कारण खेळाडू अडचणीत काय करतो हे पाहिल्यावाचून त्याची शैली कळत नाही. विजयांमध्ये डॉर्टमुंड १९७४ येथील रुडॉल्फ सर्वाटीविरुद्धचा पांढऱ्या सोंगट्यांनी जिंकलेला डाव अवश्य घ्यावा. सिसिलियन बचावाच्या ज्या प्रकारात काळा आपला उंट राजाच्या बाजूने कर्णावर बसवतो, त्याविरुद्ध ई४ आणि सी४ या घरांत प्यादी रोवून पांढऱ्याने मध्य कसा आवळावा, हे त्यात नीट दिसते.

डाव मांडण्याची रीत अशी : एकाने चाली लिहिलेला कागद हातात धरावा आणि पुढच्या चाली पोस्टकार्डाने झाकाव्यात. पहिल्या आठ-दहा चाली सरळ खेळून घ्याव्यात. त्यानंतर गाप्रिंदाश्विलीची प्रत्येक चाल उघडण्यापूर्वी सर्वांनी आपापली चाल कागदावर लिहावी आणि मगच पोस्टकार्ड एक ओळ खाली सरकवावे. चाल जुळली तर १ गुण. जुळली नाही पण कारण पटण्यासारखे असेल तर अर्धा. प्रतिस्पर्ध्याच्या चालीसाठी अंदाज घेऊ नये, नाहीतर एका डावाला सकाळ पुरत नाही. चाळीस चालींच्या डावाला दीड-दोन तास लागतात, आणि एका बैठकीत एकच डाव करावा. सर्वोत्तम चाल सुचवणारे संगणकाचे इंजिन त्या दिवशी बंद ठेवावे. आठवड्यानंतर, मुलांचे शेरे वहीत उतरल्यावर, इंजिन लावून पाहावे आणि त्याचे म्हणणे वेगळ्या शाईने लिहावे. दोन्ही शाया वेगळ्या नसल्या तर महिन्याभराने मूल इंजिनाची चाल आपलीच म्हणून सांगू लागते. हा माझा अनुभव आहे आणि मुलांपुरताच मर्यादित नाही.

सोंगट्यांची नावे मराठीच वापरावीत : राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा, प्यादे. बडोद्यात त्याचा वेगळाच लाभ होतो, कारण आमची मुले घरी मराठी बोलतात आणि शाळेत गुजराती. हत्तीचा ‘हाथी’ आणि घोड्याचा ‘घोडो’ केला की तोच शेरा शेजारच्या मुलालाही वाचून दाखवता येतो.

ऐकीव गोष्टी कशा तपासाव्यात

मोठ्या खेळाडूभोवती गोष्टी जमतात आणि त्या गोष्टी वहीत शिरतात. यासाठी शेवटची चार पाने ‘ऐकीव’ या मथळ्याखाली वेगळी ठेवावीत. तेथे लिहिलेली गोष्ट पुरावा मिळाल्यावरच मुख्य तक्त्यात न्यावी. जॉर्जियात मुलीच्या लग्नात आंदणाबरोबर बुद्धिबळाचा पट देण्याची रीत होती असे सांगितले जाते. गोष्ट गोड आहे आणि अनेक ठिकाणी छापलेलीही आहे, पण आमच्या वहीत ती अजून ऐकीव पानावरच आहे. तिच्यावरून जॉर्जियन महिलांच्या यशाचे स्पष्टीकरण देणे मला तर मुळीच पटत नाही. आंदणात पाटा-वरवंटा दिला म्हणून कोणी सुगरण होत नाही. यशाची दिसणारी कारणे याहून साधी आहेत : तिबिलिसीत वाख्तांग कार्सेलाद्झे यांच्यासारखा मुलींना गांभीर्याने शिकवणारा प्रशिक्षक होता, सोव्हिएत काळातील संघटित प्रशिक्षण होते, आणि १९६२ नंतर प्रत्येक मुलीसमोर नोना होती. १९७३ मध्ये तिबिलिसीत बुद्धिबळासाठी उभारलेला प्रासाद तिच्याच नावाचा आहे.

ऐकीव गोष्टीने किती नुकसान होऊ शकते याचे उदाहरण तिच्याच कारकिर्दीत आहे. एका काल्पनिक अमेरिकन खेळाडूवरील लोकप्रिय मालिकेत, १९६८ च्या सुमाराचा प्रसंग दाखवताना, गाप्रिंदाश्विली कधीच पुरुषांशी खेळलेली नाही अशा अर्थाचे एक वाक्य समालोचकाच्या तोंडी आले. सप्टेंबर २०२१ मध्ये, वयाच्या ८० व्या वर्षी, तिने कॅलिफोर्नियात ५० लाख डॉलरचा अब्रुनुकसानीचा दावा दाखल केला. १९६८ पर्यंत आपण किमान ५९ पुरुषांशी खेळलो होतो आणि त्यांत १० ग्रँडमास्टर होते, असे दाव्यात म्हटले होते. कथा काल्पनिक असल्याने दावा फेटाळावा ही विनंती न्यायाधीशांनी जानेवारी २०२२ मध्ये अमान्य केली आणि त्याच वर्षी प्रकरण तडजोडीने मिटले. हे वाचताना मी मुलांना एवढेच विचारले की, हा वाद वहीच्या कोणत्या रकान्याचा आहे. उत्तर एकमुखाने आले : चौथ्या.

माझीही एक चूक येथे नोंदवतो. पहिल्या मसुद्यात मी कुश्नीरबरोबरच्या तिन्ही सामन्यांचे गुण एका लेखातून उतरवले होते. दुसऱ्या लेखात वेगळे गुण सापडले, आणि कोणता आकडा बरोबर हे सांगण्याइतका पुरावा माझ्याजवळ नव्हता. मुलांसमोर ते दोन आकडे खोडले. वहीत आज तेथे फक्त ‘जिंकली’ एवढेच आहे, आणि १९७२ पुढे ‘एका गुणाने’. कारण तेवढ्याबाबत दोन्ही लेख एकमत होते. आकडा डाव मोजून खात्री होईल तेव्हाच लिहावा.

१९७८ नंतरची पाने

बहुतेक चरित्रे १९७८ ला थांबतात किंवा पुढची चाळीस वर्षे एका परिच्छेदात गुंडाळतात. वहीने तसे करू नये. सोव्हिएत महिला विजेतेपद तिने एकूण पाच वेळा मिळवले, त्यांतली तीन १९८० नंतरची. १९९२ च्या मनिला ऑलिंपियाडमध्ये स्वतंत्र जॉर्जियाचा महिला संघ प्रथमच उतरला आणि सुवर्णपदक घेऊन परतला. त्या संघात चिबुर्दानिद्झे, इओसेलियानी आणि केतेवान अराखामिया यांच्याबरोबर ५१ वर्षांची गाप्रिंदाश्विलीही होती. जिच्याकडून मुकुट गमावला तिच्याच शेजारी बसून ती आपल्या देशासाठी खेळत होती, म्हणून या एका ओळीत चौथ्या रकान्याशेजारी ‘सोबत कोण’ असा छोटा उपरकाना आम्हाला काढावा लागला. १९९५ मध्ये ज्येष्ठ महिलांचे विश्वविजेतेपद तिने मिळवले आणि सत्तरी ओलांडल्यावरही पुन्हा पुन्हा मिळवले.

तिच्या नावाचा एक चषक ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांची एकत्रित कामगिरी सर्वोत्तम असलेल्या देशाला दिला जातो. २०२२ मध्ये चेन्नईत आणि २०२४ मध्ये बुडापेस्टला तो भारताने जिंकला, आणि बुडापेस्टच्या सुवर्णविजेत्या महिला संघात दिव्या देशमुख होती. मुलांनी बातम्यांत हा चषक पाहिला होता. नाव कोणाचे ते वाचले नव्हते.

सादरीकरण

वही पूर्ण झाल्यावर ती कोणापुढे तरी मांडावी, नाहीतर ती कपाटात जाते. आम्ही गणेशोत्सवात मंडळाच्या कार्यक्रमांतली चाळीस मिनिटे मागून घेतली. पंचवीस मिनिटे सनावळी आणि नकाशा, पंधरा मिनिटे भिंतीवरच्या मोठ्या पटावर एक डाव, अशी वाटणी ठेवावी. डाव मध्येच थांबवून श्रोत्यांना चाल विचारावी. पत्ते सोडून कधी पटाला हात न लावलेले काकाही मग पुढच्या रांगेत येऊन बसतात. भाषण पाठ करून घेऊ नये. प्रत्येक मुलाला वहीतील एक ओळ द्यावी आणि त्या ओळीत समोर कोण होते एवढे त्याने आपल्या शब्दांत सांगावे.

पुढची वही कोणाची, हे मुलांनी त्याच रात्री ठरवले. मी जॉर्जियाच्याच बादूर जोबावा या ग्रँडमास्टरचे नाव सुचवले होते, कारण त्याच्या नावाने ओळखली जाणारी सुरुवात आमच्यातली दोन मुले खेळतात. मते पडली ती नाना अलेक्झांड्रियाला, आणि त्यात नावाचा वाटा मोठा होता हे मी जाणतो. १९८१ मध्ये चिबुर्दानिद्झेशी तिचा सामना ८-८ असा सुटला आणि बरोबरीमुळे मुकुट विजेतीकडेच राहिला, हे कळल्यावर मात्र निवड चुकली नाही असे मलाही वाटले. नव्या चोपड्यातली १९७५ ची ओळ आमच्या जुन्या वहीत आधीच आहे; या वेळी तिच्या चौथ्या रकान्यात नोना गाप्रिंदाश्विली लिहिले आहे आणि पाचव्यात १९४१.